रस्ते सुरक्षेच्या अभ्यासाला १५ लाख, त्यातले ऑफिसखर्चाला किती? (नाशिक)

पेठरोडकर | रविवार, १० ऑगस्ट २०२५, सकाळी ९.४२

नमस्कार मंडळी. विषय हिशेबाचा आहे, कंटाळा येईल, पण इथे सीए, प्राध्यापक, निवृत्त इंजिनिअर सगळेच आहेत म्हणून इथेच विचारतो.

आमचा एक छोटा ट्रस्ट आहे. आठ-दहा जण, बहुतेक पंचवटी-आडगाव भागातले. ८ ऑक्टोबर २०२२ला पहाटे मिरची हॉटेल चौकात बस पेटली, त्यानंतर आम्ही या कामाला लागलो. आजवर शाळांत जाऊन बोलणं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर चिकटवणं एवढंच चालायचं. यंदा एका कारखान्याने सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) १५ लाख द्यायचं कबूल केलंय. त्यांची अट: "फलक-बिलक नको, नीट अभ्यास करून घ्या." द्वारका, मुंबई नाका, अमृतधाम, नांदूर नाका, सिन्नर फाटा, पाथर्डी फाटा धरून नऊ ठिकाणं ठरवली आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजकडून अंदाजपत्रक मागवलं. (कॉलेजचं नाव विचारू नका.) ते असं:

प्रकल्प सहायक दोन, दरमहा २५,०००, आठ महिने: ४,००,०००
व्हिडिओवरून वाहनगणना, ९ ठिकाणं × २२,०००: १,९८,०००
टोटल स्टेशनने (सर्वेक्षणाच्या यंत्राने) रस्त्याची मोजणी, ९ × १८,०००: १,६२,०००
स्पीड गन भाडं वगैरे: ६०,०००
प्रवास: ६०,०००
अहवाल छपाई: ४०,०००
तज्ज्ञ मानधन: १,८०,०००
बेरीज: ११,००,०००
संस्थेचा ओव्हरहेड (ऑफिसखर्च) ३० टक्के: ३,३०,०००
आकस्मिक ५ टक्के: ५५,०००
जीएसटी १८ टक्के: २,६७,३००
एकूण: १७,५२,३००

म्हणजे अडीच लाख जास्त तर आहेतच, पण ट्रस्टींच्या डोळ्यात सलतोय तो ३ लाख ३० हजारांचा आकडा. आमचे खजिनदार म्हणतात, करारात सरळ लिहा, ओव्हरहेड १० टक्क्यांच्या वर देणार नाही. मला ते पटतंही आणि पटत नाहीही. अशी मर्यादा घालायची रीत काय आहे? कोणी असे करार केलेत का?

स्पष्टवक्ता_सिडको | १०.०५

रीत कसली. पहिले खड्डे बुजवा म्हणावं. नऊ चौकात अपघात का होतात हे सांगायला १७ लाख? माझ्याकडे या, चहावर सांगतो. आणि हे कॉलेजवाले, एनजीओवाले सगळे एकाच माळेचे मणी.

फाटका_रेनकोट | १०.११

चहा पण १८ टक्के जीएसटी धरून का भाऊ?

सीए_वहिनी | ११.३०

पेठरोडकर, आधी एक गैरसमज दूर करते, कारण तुमचे कारखानेवाले उद्या तो काढणारच. "सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत हवा" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. तो ५ टक्क्यांचा नियम कंपनीसाठी आहे. कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवायला जो सर्वसाधारण खर्च केला, तो तिच्या त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये, एवढंच. एखाद्या ठरावीक प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवरचा थेट खर्च त्यात येत नाही, असं व्याख्येतच म्हटलंय. कॉलेजच्या ओव्हरहेडशी त्याचा काही संबंध नाही. तरी गेल्या दोन वर्षांत मी तीन करार बघितले, तिन्हीत हा ५ टक्का कापून संस्थेच्या गळ्यात बांधलेला.

दुसरा आकडा लोक फेकतात तो २० टक्क्यांचा. तो एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचा. २०२०च्या दुरुस्तीने परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. तुमचा पैसा देशी आहे, तुम्हाला तोही लागू नाही.

म्हणजे कायद्याने तुमच्यावर कुठलीच टक्केवारी लादलेली नाही. करारात जे लिहाल ते. म्हणूनच नीट लिहा. आणि ट्रस्टचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक आहे ना? १ एप्रिल २०२१पासून त्याच्याशिवाय कंपनीला तुमच्यामार्फत खर्च करता येत नाही.

जीएसटीबद्दल संध्याकाळी लिहिते. आज घरी पाहुणे.

पेठरोडकर | ११.५२

वहिनी, सीएसआर-१ आहे. १२ए, ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या पण. ५ टक्क्यांचं खरंच माहीत नव्हतं, खजिनदारांना स्क्रीनशॉट पाठवला. त्यांनी अंगठा पाठवलाय, म्हणजे पटलेलं नाही.

आबा_लेव्हलवाले | दुपारी १.१५

मी सार्वजनिक बांधकामातून निवृत्त. पेठरोडकर, तुमचा प्रश्न चुकीच्या टोकाकडून आलाय, राग मानू नका.

३० टक्के "कशाचे", हे आधी विचारा. तुमच्या तक्त्यात ते ११ लाखांवर लावलेत, म्हणून ३.३० लाख. पण काही संस्था ओव्हरहेड एकूण रकमेचा हिस्सा म्हणून धरतात. तसं धरलं तर ११ लाख म्हणजे ७० टक्के, एकूण होतात १५ लाख ७१ हजार, आणि ओव्हरहेड ४ लाख ७१ हजार. शब्द तोच, टक्का तोच, फरक १ लाख ४१ हजारांचा. करारात नुसतं "ओव्हरहेड १० टक्के" लिहून मोकळे झालात तर भांडण लिहून घेतलंत.

दुसरं. तुमच्या यादीतली वाहनगणना आणि टोटल स्टेशनची मोजणी कॉलेज स्वतः करणार आहे का? माझा अंदाज, नाही. ती बाहेरच्या एजन्सीला जाणार. म्हणजे ३ लाख ६० हजार कॉलेजच्या खात्यात येऊन तसेच पुढे जाणार. त्यावर ३० टक्के, म्हणजे १ लाख ८ हजार, ते कशाचे? चेक लिहिण्याचे? आमच्याकडे दुसऱ्या खात्याचं काम ठेव म्हणून घेतलं की सेंटेज (खर्चावर ठरावीक टक्के आकार) लावायचो, त्यातही काम आम्ही करायचो, देखरेख आमची असायची. नुसत्या टपालाचे पैसे कोणी घेत नसे.

आणि हेही ऐका. सरकारी संस्थेकडून अभ्यास करून घेतला तर ओव्हरहेड कमी दिसतो, तो कमी असतो म्हणून नव्हे. दिंडोरी रोडला मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) आहे, १९५९पासूनची संस्था. तिथली इमारत, प्रयोगशाळा, माणसांचे पगार सरकारने आधीच भरलेले. खासगी कॉलेजला ते कुठूनतरी काढायचे असतात. दहा टक्क्यांत भागवा म्हणणं म्हणजे भाजी घ्यायची आणि भाजीवाल्याला हातगाडी घरून आण म्हणायचं. ती तो घरूनच आणतो, पण तिची किंमत भाजीत असते.

मृण्मयी_दिंडोरीरोड | दुपारी २.४०

आबा, धन्यवाद. मी एका कॉलेजात शिकवते (पेठरोडकरांचं ते कॉलेज नव्हे, आधीच सांगते). आता दुसरी बाजू.

तो ३ लाख ३० हजार प्राध्यापकाला मिळतो असं वाटत असेल तर तसं नाही, त्यातला रुपया मला दिसत नाही. कॉलेज घेतं. पण कॉलेज त्यातून काय करतं ते बघा. प्रकल्पाचं वेगळं खातं ठेवणारा क्लार्क, दर वर्षाचं ऑडिट, लॅबची वीज, सॉफ्टवेअरचा परवाना, व्हिडिओ साठवायला सर्व्हर. नऊ ठिकाणांचं चोवीस तासांचं फूटेज म्हणजे पेनड्राइव्हवर मावणारी गोष्ट नाही. आणि सगळ्यात मोठा खर्च कुठल्याच तक्त्यात नसतो: हप्ता उशिरा येतो. मागच्या एका प्रकल्पात दुसरा हप्ता साडेचार महिने रखडला, दोन्ही सहायकांचे पगार कॉलेजने स्वतःच्या खिशातून केले. व्याज कोण देतं?

दुसरं, छोट्या प्रकल्पाचा टक्का नेहमीच मोठा दिसतो. ऑडिटर ५ लाखांच्या प्रकल्पालाही तेवढेच कागद बघतो आणि ५० लाखांच्याही.

तिसरं, आणि हे जरा खरं खरं बोलते. तुम्ही करारात १० टक्क्यांची भिंत बांधलीत तर खर्च नाहीसा होत नाही, तो बाजूच्या खोलीत जातो. "तज्ज्ञ मानधन" १ लाख ८० हजारांचं अडीच लाख होतं. "आकस्मिक" ५चं १० टक्के होतं. प्रवासात गाड्या वाढतात. मग तुमचा ओव्हरहेड कागदावर १० टक्के, ट्रस्टी खूश, आणि रस्त्यावर एक दिवसाची गणना कमी. मी हे होताना बघितलंय. अगदी खरं सांगायचं तर एकदा माझ्याच हातून झालंय.

फाटका_रेनकोट | २.४८

शेवटच्या वाक्याला मानलं ताई.

स्पष्टवक्ता_सिडको | ३.०२

म्हणजे कबुलीजबाब आला. मी काय म्हणत होतो?

मृण्मयी_दिंडोरीरोड | ३.१०

तुम्ही चहाचं म्हणत होता.

टॅलीवाला | सायंकाळी ६.२०

पहिल्यांदाच लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मी सर्व्हे एजन्सीत नऊ वर्षं काढली. ज्याला तुम्ही वाहनगणना म्हणता ना, त्याच्या तळाला आम्ही.

पूर्वी हाताने मोजायचो. टॅली शीट, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. दर पंधरा मिनिटांचा एक रकाना. दुचाकी, रिक्षा, कार, बस, दोन आसाचा ट्रक, तीन आसाचा, ट्रॅक्टर ट्रॉली, सायकल. चौक असला की टर्निंग पण, म्हणजे कुठून आला आणि कुठे वळला. द्वारकेला हे करून बघा एकदा. चौकाला मिळणाऱ्या एकेका रस्त्याला दोन पोरं लागतात, तरी चुकतं.

आता खरं सांगतो. रात्री दोन ते पाचचे रकाने चहाच्या टपरीवर भरले जायचे. पोराला बारा तासांचे आठशे रुपये मिळायचे, थंडीत नाशिकची रात्र काय असते तुम्हाला माहिती. त्याला दोष देऊ नका. कॉलेजने घेतले बावीस हजार, एजन्सीला दिले चौदा, एजन्सीने मुकादमाला दिले सात. प्रत्येकाने आपला ओव्हरहेड काढला. तुम्ही फक्त पहिल्याचा बघताय.

आणि ज्या तीन तासांचे आकडे आम्ही बसून भरायचो, ट्रक सगळ्यात जोरात तेव्हाच जातात.

पकडायचं कसं ते सांगतो. व्हिडिओ घ्या, आणि पूर्ण फूटेज तुमच्या ताब्यात घ्या. मग डोळे मिटून तीन रकाने निवडा, एक तरी पहाटेचा. स्वतः बसून मोजा. दहापैकी एक गाडी इकडेतिकडे चालते. अर्धा आकडाच वेगळा आला तर समजा टपरी.

आबा_लेव्हलवाले | ६.४५

टॅलीवाले भाऊ, आजच्या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. तीस वर्षं तुमच्या त्या शीटांवरून आम्ही डिझाइन केलं. आता रात्री झोप लागणार नाही.

पेठरोडकर | ७.३०

सुन्न झालो. बावीसचे सात होतात हे डोक्यातच नव्हतं आलं.

सीए_वहिनी | रात्री ९.५०

पाहुणे गेले. जीएसटी.

सप्टेंबर २०२४मध्ये जीएसटी परिषदेच्या ५४व्या बैठकीत ठरलं, की विद्यापीठ, कॉलेज किंवा संशोधन संस्था सरकारी अथवा खासगी अनुदानातून संशोधन करत असेल तर त्यावर कर नाही. पण संस्था आयकर कायद्याच्या कलम ३५खाली (संशोधनासाठी मान्य संस्था म्हणून) अधिसूचित असायला हवी. (सरकारी संस्थांचं वेगळं.) तेव्हा कॉलेजला पहिला प्रश्न: तुम्ही कलम ३५खाली आहात का? असाल तर पुढचा प्रश्न करार काय म्हणतो हा. "संशोधन अनुदान" आणि "सल्लासेवा" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही अहवाल विकत घेताय, त्याचे हक्क तुमचे, मुदतीला दंड, असं लिहिलंत तर ती सेवा. कर वाचवायला म्हणून नुसतं शीर्षक बदलू नका, मजकूर तसा नसेल तर नोटीस येते.

तुमच्या तक्त्यात जीएसटी २ लाख ६७ हजार आहे. ओव्हरहेडवर जेवढा वाद घालताय, जवळपास तेवढीच रक्कम या एका प्रश्नात अडकलीय.

गोदेवरून_टेम्सला | सोमवार, ११ ऑगस्ट, पहाटे २.१५

मी मूळची गंगापूर रोडची, सध्या इंग्लंडमध्ये एका विद्यापीठाच्या रिसर्च ऑफिसात आहे. म्हणजे तुम्ही ज्याला ओव्हरहेड म्हणताय ना, तो मीच. :)

हे भांडण जगभर आहे. इथे सरकारी संशोधन परिषदा पूर्ण खर्च काढायला लावतात, इमारतीचा, माझ्या पगाराचा, सगळ्याचा, आणि त्याच्या ८० टक्के देतात. उरलेले २० विद्यापीठाने बघायचे. युरोपच्या होरायझन या संशोधन अनुदान योजनेत सरळ २५ टक्के ठोक मिळतात, कोणी पावत्या मागत नाही. पण मेख अशी, की तो २५ टक्का ज्या रकमेवर लावतात त्यातून बाहेर दिलेलं काम आधी वजा करतात. आबा काल जे म्हणाले तेच.

अमेरिकेत प्रत्येक विद्यापीठाचा दर सरकारशी वाटाघाटीने ठरतो, पन्नास-साठ टक्केही असतो. १९९१मध्ये स्टॅनफर्डच्या हिशेबात एका नौकेचा घसारा संशोधनाच्या ओव्हरहेडमध्ये सापडला, मोठा गदारोळ झाला, आणि त्याच वर्षी प्रशासनाच्या भागावर २६ टक्क्यांची मर्यादा आली. ती अजून आहे. गंमत म्हणजे मर्यादा फक्त प्रशासनाला घातली, इमारती आणि प्रयोगशाळांचा भाग मोकळाच राहिला. ज्यांचा दर वाटाघाटीने ठरलेला नाही अशा छोट्या संस्थांना तिथे ठोक १० टक्के मिळायचे, ऑक्टोबर २०२४पासून १५ केलेत. म्हणजे छोट्यांचा टक्का वाढवला. यंदा ७ फेब्रुवारीला तिथल्या आरोग्य संशोधन संस्थेने सगळ्यांनाच १५ टक्के असा फतवा काढला, तो कोर्टाने अडवला.

होरायझनच्या पद्धतीने तुमचा तक्ता केला तर: ११ लाखांतून ३ लाख ६० हजार वजा, उरले ७ लाख ४०, त्याचे २५ टक्के १ लाख ८५ हजार. कॉलेजला टक्का फार कापल्यासारखा वाटत नाही आणि तुमचे १ लाख ४५ हजार वाचतात. खजिनदारांना १० टक्क्यांचा आनंद हवा असेल तर तो देता येणार नाही.

अवांतर: आज तिसरा श्रावणी सोमवार ना? ब्रह्मगिरीची फेरी आठवली.

टॅलीवाला | सकाळी ७.०५

ताई, फेरीच्या दिवशी त्र्यंबक रोडला एकदा गणना केलीय आमच्या एका साहेबांनी. ऑर्डरमध्ये तारीख होती म्हणून. माणसं मोजायचा रकानाच नव्हता शीटमध्ये.

कवठेकर_मास्तर | ८.४०

सगळे ओव्हरहेडवर तुटून पडलेत, पण अंदाजपत्रकात जे नाही त्याकडे कोणी बघितलंय का?

मी आकडेशास्त्र शिकवायचो. नऊ ठिकाणं कशी निवडलीत? तिथे अपघात जास्त झाले म्हणून. राष्ट्रीय महामार्गावरच्या ब्लॅक स्पॉटची केंद्राची व्याख्याही तशीच आहे: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणांतिक अपघात, किंवा दहा मृत्यू. आता होतं काय, एखाद्या ठिकाणी एखादं वर्ष वाईट जातं, तुम्ही ते उचलता, आणि पुढच्या वर्षी काहीही न करता आकडा आपोआप थोडा खाली येतो. परीक्षेत एकदा पस्तीस मिळालेला पोरगा पुढच्या वेळी बेचाळीस आणतो, त्याचं श्रेय क्लासवाला घेतो, तसंच. म्हणून पट्टे मारून, रम्बलर (वेग कमी करायला खडखडणारे उंचवटे) टाकून सहा महिन्यांनी पुन्हा मोजावं लागतं, आणि जिथे काहीच केलं नाही असं एखादं ठिकाणही सोबत मोजावं लागतं.

अपघातच मोजायला गेलात तर वर्षं लागतील. वेग मोजा. शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो वेग, आधीचा आणि नंतरचा. किंवा व्हिडिओवरून थोडक्यात हुकलेल्या धडका मोजा: एक गाडी जिथून गेली तिथेच दुसरी किती सेकंदांनी पोचली.

त्या १७ लाखांत "नंतर"ची मोजणी कुठेच नाही. पैसे कमी पडले की पहिलं हेच जातं, कारण त्याची उणीव अहवाल छापेपर्यंत कोणाला जाणवत नाही.

मृण्मयी_दिंडोरीरोड | ९.१५

मास्तर, शंभर टक्के. आणि मोजायचं कुठे हेही. २०२१च्या स्वातंत्र्यदिनापासून आपल्याकडे "हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही" सुरू झालं होतं, आठवतं? तशा मोहिमेचा परिणाम पंपावर उभं राहून मोजाल तर सगळे हेल्मेटवाले, निम्मे मागच्याचं उसनं घेऊन. दोन चौक पुढे जाऊन मोजावं लागतं.

स्पष्टवक्ता_सिडको | ९.३०

हे मात्र खरंय. मी स्वतः उसनं दिलंय. पंधरा मिनिटं वाट बघितली त्याची, परत आला नाही.

फाटका_रेनकोट | ९.३३

हा अपघात कुठल्या रकान्यात?

आबा_लेव्हलवाले | १०.२०

पेठरोडकर, आता काम कसं बांधायचं ते सांगतो.

ओव्हरहेड दोन दरांनी लावा. कॉलेजच्या स्वतःच्या कामावर एक दर, बाहेर दिलेल्या कामावर अगदी नाममात्र दर. सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) दरविश्लेषणात ठेकेदाराचा नफा आणि ओव्हरहेड मिळून १५ टक्के धरतात, तोही सगळी जोखीम त्याच्या डोक्यावर असताना. शिक्षणसंस्थेला स्वतःच्या कामावर २० द्यायला हरकत नाही, ती नफा घेत नसते (निदान कागदावर). "आकस्मिक" असं वेगळं काही ठेवू नका. लागलंच तर लेखी मागावं. एका सदरातून दुसऱ्या सदरात पैसे हलवायचे तर दहा टक्क्यांपर्यंत त्यांचे ते, त्यावर तुमची संमती. ताई म्हणाल्या ती बाजूची खोली, तिला कडी लागली.

हप्ते कामाला बांधा, तारखेला नको. आणि ताईंच्या साडेचार महिन्यांचंही बघा: काम पोचल्यावर एकवीस दिवसांत पैसे, हे तुमच्यावरही बंधन हवं. तुम्ही वेळेवर देणार असाल तर कमी ओव्हरहेड मागायला तोंड राहतं.

दुसरा हप्ता कच्चा डेटा हातात आल्यावरच. अहवालावर नव्हे. डेटा आला की अहवाल आज ना उद्या कोणीही लिहील. डेटा अडकला की संपलं. टॅलीवाल्यांची पहाटेच्या रकान्याची परीक्षा करारात घाला, आणि एजन्सीला प्रत्यक्ष किती दिले त्या बिलाची प्रतही.

सीए_वहिनी | १०.४०

आबांच्या यादीत एक भर. वेगळं बँक खातं आणि शिल्लक परत. सरकारी अनुदानाला १२-ए नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, मिळालेलं व्याजही परत करावं लागतं. तुमच्यावर ते बंधन नाही, पण नमुना चांगला आहे, तोच वापरा. कॉलेजच्या अकाउंट्सला तो पाठ असतो, नवा फॉर्म दिलात तर त्याचाही ओव्हरहेड लागेल.

चांदवडचा_पक्या | दुपारी १२.०५

यात राहूड घाट घेता येईल का? रोज जातो मी. उतारावर कंटेनर बघून जीव मुठीत असतो.

पेठरोडकर | १२.३०

पक्या भाऊ, शहराबाहेर जायचं बजेट नाही. पण नोंद घेतली. बाकी सगळ्यांचं वाचतोय, तक्ता नव्याने मांडून कॉलेजला जातो. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडेही एक पत्र टाकलंय, ई-डारमधली (अपघातांच्या सरकारी ऑनलाइन नोंदींमधली) अपघातांची ठिकाणं मिळाली तर सहायकांचे पोलिस ठाण्यांच्या फेऱ्यांतले दोन महिने वाचतील.

पेठरोडकर | रविवार, १४ सप्टेंबर, सकाळी ११.१०

गणपतीत सगळंच लांबलं. काय झालं ते सांगतो.

कॉलेजात तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत ट्रस्टींनी १० टक्के म्हटलं, प्राचार्यांनी चहा मागवला आणि विषय हवामानावर नेला. दुसऱ्या वेळी आबा स्वतः आले (आबा, तुमचे उपकार). त्यांनी टक्का काढलाच नाही, फक्त विचारलं, "यातलं तुमची माणसं काय करणार आणि बाहेरची काय करणार?" तिथून गाडी रुळावर आली. विभागप्रमुखांनी स्वतःच सांगितलं, तज्ज्ञ मानधनातले अर्धे विभागातल्याच प्राध्यापकांचे होते.

ठरलेला तक्ता: सहायक ४ लाख, स्पीड गन ६० हजार, प्रवास ६० हजार, छपाई १० हजार (चार प्रती, बाकी पीडीएफ), बाहेरच्या तज्ज्ञाचं मानधन ९० हजार. कॉलेजचं स्वतःचं काम झालं ६ लाख २० हजार. वाहनगणना नऊ ठिकाणी, आणि मास्तरांच्या सांगण्यावरून सहा महिन्यांनी तीन ठिकाणी पुन्हा, त्यातलं एक काहीच न केलेलं: २ लाख ६४ हजार. टोटल स्टेशन १ लाख ६२ हजार. बाहेरचं काम एकूण ४ लाख २६ हजार. ओव्हरहेड स्वतःच्या कामावर २० टक्के आणि बाहेरच्यावर ५, मिळून १ लाख ४५ हजार ३००. आकस्मिक नाही. करापूर्वी ११ लाख ९१ हजार ३००.

कलम ३५चं विचारलं. कॉलेज त्यात नाही, म्हणून जीएसटी भरावाच लागणार. एकूण १४ लाख ५ हजार ७३४. पंधरात बसलं. आपल्याकडूनही पैसे एकवीस दिवसांत, हे कलम घातलं. खजिनदारांनी त्यावर दोन दिवस घेतले.

खजिनदारांनी हिशेब करून बघितला, ओव्हरहेड करापूर्वीच्या रकमेच्या १२ टक्क्यांच्या थोडा वर येतो. ते अजूनही म्हणतात, दहा झाले असते.

गोदेवरून_टेम्सला | सायंकाळी ४.२०

खजिनदारांना आमच्या ऑफिसात नोकरी द्यायला तयार आहोत.

मृण्मयी_दिंडोरीरोड | ५.०५

छान झालं. एक शंका: सहायकांना २५ हजारच ठेवलेत. आठ महिन्यांत एक तरी सोडून जाईल, तेव्हा प्रवासातून वळवायला आबांचे दहा टक्के पुरणार नाहीत.

पेठरोडकर | ५.४०

ताई, ९४ हजार शिल्लक राहतात, ते त्यासाठीच बाजूला ठेवलेत. कॉलेजला सांगितलेलं नाही.

मृण्मयी_दिंडोरीरोड | ५.४२

आता सांगितलंत.

टॅलीवाला | रात्री ८.३०

सर, एजन्सीला प्रत्यक्ष किती देणार ते करारात आलं का? आणि गणना ऑक्टोबरच्या आधी लावू नका. पावसात कॅमेऱ्यावर पाणी येतं, रात्रीचं फूटेज पांढरं दिसतं. दिवाळीच्या आठवड्यात पण नको. मधल्या एखाद्या मंगळवारी-बुधवारी लावा. पहाटेचे रकाने तपासायला कोणी नसेल तर मी येतो, पैसे नकोत. नांदूर नाक्याचे मला द्या, तिथली रात्र मला माहितीये.

पेठरोडकर | ८.५१

आलं. एजन्सीला ठिकाणामागे किमान १९ हजार, बिलाच्या प्रतीसह. नांदूर नाका तुमचा. फोन नंबर व्यक्तिगत निरोपात टाका.